तिन्हीसांजेचा ताप

"स्वयंपाकाच्या वेळेलाच बरा येतो तुझा ताप," असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. मला वाटलं, चेष्टा करतायत. आता कपाळाला हात लावून बघतील, पाणी देतील. त्यांनी कणकेची परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि पोळ्या लाटता लाटता शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी शाळेत जायला मात्र ठणठणीत."

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ते खरं होतं. सकाळी मी खरोखरच ठणठणीत असायची.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. नवरा एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्यामुळे आमचा संसार तिथल्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. मुलगी पुण्याला शिकायला आणि सासूबाई आमच्याकडे. गणपती उठले त्या आठवड्यात माझा घसा धरला. घसा दुखणं शिक्षकाला काही नवं नसतं. हळदीच्या गुळण्या करून मी शाळेत जात राहिले. घसा सुटला आणि ताप सुरू झाला.

तो यायचा तिन्हीसांजेला. शाळेतून घरी येऊन चहा होईपर्यंत मी माणसात असे. उन्हं उतरली की आधी पाठीतून शिरशिरी जाई, मग दात वाजत, मग अंग असं तापे की स्वतःचाच हात स्वतःला सोसवत नसे. मनगटं आणि गुडघे कुणीतरी पिरगळून ठेवल्यासारखे होत. पोटावर, दंडांवर, मांड्यांवर फिकट गुलाबी चट्टे उठत. ते खाजत नसत, दुखतही नसत. पहाटेपर्यंत घाम येऊन सगळं उतरे. ताप नाही, चट्टे नाहीत. उरे तो फक्त मनगटांचा ताठरपणा, आणि तो कुणाला दिसत नसतो.

आमचे घरचे डॉक्टर मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचे. त्यांनी आधी व्हायरल म्हटलं, मग टायफॉइड म्हटलं. सलाइन लावलं, अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. ताप तसाच. "उलटला टायफॉइड," ते म्हणाले आणि तेच सगळं पुन्हा केलं. चट्ट्यांचं सांगितलं तर म्हणाले, "राखेची ॲलर्जी. एकलहऱ्यात कुणाला नाही ती?"

"पण डॉक्टर, राख काय फक्त संध्याकाळी उडते?" मी विचारलं.

ते हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यांनीच ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. "मॅडम, तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीय." त्यानंतर हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की अजूनही कानावर पडलं की माझं डोकं सणकतं. शेजारणीने गुळवेल आणून दिली, कुंपणावरून तोडलेली, मातीसकट. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी कसल्याशा भुकटीचा डबा दिला. तो त्या विकतही होत्या. नणंदेचा रोज फोन, गुळवेलीचा काढा घेतलास का? सकाळी अनशापोटी तो कडूजहर काढा सासूबाई समोर उभं राहून पाजत. ही त्यांची माया होती की परीक्षा, हे मला आजही सांगता येत नाही. मी सगळं प्यायले. ताप तिन्हीसांजेला येतच राहिला. तो येतो म्हणजे मी काढा नीट घेत नाही, असा अर्थ घरात लावला गेला.

मग मानेत गाठी आल्या. घरच्या डॉक्टरांनी मला नाशिकमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फिजिशियनकडे पाठवलं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, दाह दाखवणारा ईएसआर वाढलेला. गाठीचा तुकडा काढून तपासला, त्यात काही सापडलं नाही. संधिवाताची तपासणी केली, तीही निगेटिव्ह. "आर.ए. फॅक्टर नाही, म्हणजे संधिवात नाही," फिजिशियन म्हणाले. "गाठींचा टीबी असू शकतो. औषध देऊन बघू."

देऊन बघू! एखादीला साडी नेसवून बघावी तसं.

त्या गोळ्यांनी लघवी केशरी झाली आणि अन्न पोटात ठरेनासं झालं. पण खरा घाव तो नव्हता. गोळ्या घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझं ताट, वाटी आणि पेला स्वयंपाकघरातून उठून मागच्या गॅलरीत, धुण्याच्या साबणाशेजारी गेले. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, डॉक्टर म्हणालेत, हा गाठींचा आहे. हा पसरत नसतो."

"डॉक्टरांचं काय जातं सांगायला," त्या म्हणाल्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोजे काढत होता. मोजे काढायला माणसाला इतका वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. "राहू दे ना गं काही दिवस," तो म्हणाला. "तिला कशाला दुखवायचं?"

मला दुखतंय हे त्याला माहीत होतं. रात्री माझे पाय तोच चेपून द्यायचा. तरी दुखवायचं कुणाला नाही, हे ठरवताना मी त्या हिशेबात कुठेच नव्हते.

त्या आठवड्यात माझी आई नांदगावहून आली. आई शेतात राबलेली बाई, बोलायला फटकळ. गॅलरीतलं ताट तिने पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुत्र्याचं हाय का?"

मी ताट उचलायला वाकले. तिला कळलं. ती ताट घेऊन आत आली, सासूबाईंच्या देखत घासलं, त्यात भाकरी आणि पिठलं वाढून घेतलं आणि खाली बसून जेवायला लागली. "लय भूक लागली बाई परवासानं," एवढंच म्हणाली. सासूबाई उठून बाहेरच्या खोलीत गेल्या. नांदगावला परत जाताना आईने मला डिंकाचे लाडू दिले. "ताकद नाय राह्यली तुझ्यात. अंगात ताकद आली की ताप पळंल." तिचा माझ्यावर विश्वास होता, माझं दुखणं तिला खरं वाटत होतं, पण प्रतिकारशक्ती कमी झालीय यावर तिचंही इतरांशी एकमत होतं.

लाडूही पोटात राहिले नाहीत. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा त्या मोठ्या हॉस्पिटलमध्येच मला भरती केलं. गोळ्यांनी यकृताला सूज आली होती. टीबीची औषधं बंद केली. ताप मात्र चालू.

फिजिशियनांचा राउंड सकाळी असे. सकाळी ते येत तेव्हा मी उशीला टेकून पेपर वाचत असे. ते तक्ता बघत. "संध्याकाळी येतो म्हणता?"

"हो. आणि चट्टेही येतात. तुम्ही संध्याकाळी बघाल का?"

"सिस्टर बघतात ना."

सिस्टर बघायच्या, तापाची गोळी द्यायच्या, ओल्या पट्ट्या ठेवायच्या. त्यांच्यापैकी एकीने चट्टे पाहून साहेबांना सांगते असं म्हटलं आणि सांगितलंही. साहेब म्हणाले, औषधाची रिॲक्शन असेल. नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला. तो दाखवला तर म्हणाले, "फोटोवरून निदान होत नसतं." मग त्यांनी नवऱ्याला बाजूला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी काही ताण आहे का. नवरा माझ्या कॉटजवळ येऊन म्हणाला, "ते म्हणतायत, एकदा मानसोपचारवाल्यांना दाखवू."

"तुला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्यातलं?"

माझा कुठल्याही मानसोपचाराला विरोध नाही. शाळेतल्या मुलांच्या पालकांना मीच कितीदा तो सल्ला दिलाय. पण ज्या माणसाने माझा ताप चढताना एकदाही पाहिला नव्हता, त्याने तो माझ्या मनात आहे असं ठरवलं, हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी दुपारी मी ठरवलं की आज गोळी घ्यायची नाही.

संध्याकाळी शिरशिरी आली तशी मी कॉटवरून उतरले. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर फिजिशियनांची संध्याकाळची ओपीडी असे. सलाइनची सुई हाताला होती, अंगात हॉस्पिटलचा हिरवा गाऊन. जिना उतरताना गुडघे दुमडत नव्हते, म्हणून मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरले. खाली बाकावर पेशंट बसले होते. केबिनबाहेरच्या माणसाने विचारलं, "नंबर?"

"माझा नंबर रोज संध्याकाळी असतो," मी म्हटलं आणि दार ढकललं.

आत एक आजोबा तपासून घेत होते. त्यांची मी माफी मागितली. मग गाऊनची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि डॉक्टरांना म्हटलं, "हे बघा. आत्ता बघा. सकाळी हे नसतं."

"बाई, तुम्ही वॉर्डमध्ये—"

"वॉर्डमध्ये तुम्ही येत नाही. म्हणून मी आले. हात लावून बघा. ताप मनात असतो का बघा."

माझे दात वाजत होते, त्यामुळे ते वाक्य मला हवं तेवढं धारदार निघालं नाही. मी रडतही होते बहुतेक. ते आजोबा उठून उभे राहिले आणि त्यांनी मला खुर्ची दिली. डॉक्टर क्षणभर चिडून बघत होते. मग त्यांनी माझा दंड धरला, चट्ट्यावर बोट दाबून सोडलं, पुन्हा दाबलं. मनगट वाकवून पाहिलं, तेव्हा मी ओरडले.

"हे मी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"दाखवत तर होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोरच गंगापूर रोडच्या एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना फोन लावला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. फोन त्यांनी माझ्या हातात दिला. पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "उद्या या. पण संध्याकाळी या. तापात या. गोळी न घेता या."

ही चार वाक्यं ऐकून मला पुन्हा रडू आलं. एवढंच तर मी इतके महिने मागत होते.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या परवानगीने नवरा मला रिक्षातून घेऊन गेला. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी चट्टे पाहिले, घसा कसा दुखला होता ते विचारलं, ताप कधी चढतो, कधी उतरतो, सांधे कुठले. सगळं विचारलं आणि माझं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबल्या. फेरिटिन नावाची एक तपासणी केली. ते लोह साठवून ठेवणारं प्रथिन. शरीरात जोराचा दाह असला की रक्तात वाढतं. माझं इतकं वाढलेलं होतं की प्रयोगशाळेने पुन्हा करून खात्री केली. जंतुसंसर्ग, रक्ताचा कॅन्सर वगैरे नाही याची त्यांनी पुन्हा छाननी केली आणि मगच आजाराचं नाव सांगितलं. संधिवाताच्या घराण्यातलाच, पण दुर्मीळ.

"पण संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली ना?" नवऱ्याने विचारलं.

त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. शरीराची संरक्षणाची व्यवस्था दोन प्रकारची असते. एक जन्मापासून असते. काटा रुतला, जंतू शिरला की सगळ्यात आधी तीच धावते. ती ओळखपाळख करत बसत नाही. लालसर सूज, ताप, वेदना हे तिचं काम. दुसरी सावकाश शिकते, एकेका जंतूला ओळखून लक्षात ठेवते, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते. नेहमीच्या संधिवातात दोन्ही गुंतलेल्या असतात आणि पुष्कळांच्या रक्तात आर.ए. फॅक्टरसारख्या, स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. "तुमच्या आजारात मुख्य बिघाड पहिलीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या पेशी जंतू नसतानाच चेततात आणि ताप आणणारी, सांधे सुजवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहतात. अँटिबॉडी शोधून ती सापडणार कशी? गाउटमध्येसुद्धा सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचले की हीच पहिली व्यवस्था भडकते. तिथे निदान स्फटिक तरी असतात. तुमच्यात नेमकं कशाने सुरू झालं, हे मी सांगू शकत नाही. अजून कुणालाच पक्कं सांगता येत नाही."

"म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी नाहीये?" मी विचारलं.

"कमी? अहो, गरजेपेक्षा जास्त चाललीय. तिला आवरायचंय आपल्याला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"मग तो काढा?"

"काढ्याने आजार झाला असं मी म्हणणार नाही. उपयोग नव्हता आणि वेळ गेला, हे मात्र खरं. गुळवेल आता पूर्ण बंद. तुमच्या यकृताने फार सोसलंय."

उपचार सुरू झाले. स्टिरॉइड म्हटल्यावर नातेवाइकांत हाहाकार उडाला. ज्यांनी मला न विचारता, न तपासता डबे आणि बाटल्या पाजल्या, त्यांना अचानक औषधांच्या दुष्परिणामांची काळजी वाटायला लागली. मी डॉक्टरीणबाईंना दुष्परिणाम विचारले. त्यांनी एकेक सांगितले आणि आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही अशी तंबी दिली. थोड्याच दिवसांत एक संध्याकाळ अशी आली की उन्हं उतरली, दिवे लागले आणि मला काहीच झालं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या. मनगट दुखत होतं, पोळ्या नकाशासारख्या होत होत्या, पण मी हट्टाने लाटल्या.

सासूबाई म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलंस की जमतं."

लाटणं मी खाली ठेवलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गॅलरीतल्या ताटाबद्दल बोलले. शेजारणीला ऐकवायच्या आवाजाबद्दल बोलले. मी म्हटलं, "आई, तुम्हाला ताप आला की मी काय म्हणते? कधी विचारते का, आत्ताच का आला म्हणून?" त्या म्हणाल्या, आमच्या वेळी असले आजार नव्हते. मी म्हटलं, असतील, पण बायका पोळ्या लाटत लाटत मेल्या असतील. तेव्हा नवरा मध्ये आला आणि म्हणाला, "पुरे आता." मी वाट पाहत होते, हे तो कुणाला म्हणतोय. तो आईकडे बघून म्हणत होता. उशीर झाला होता, पण म्हणाला. सासूबाईंनी माफी मागितली नाही. आजतागायत नाही. काढा तेवढा बंद झाला.

गोळ्यांनी माझा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. "तब्येत छान सुधारली हो," स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या. पुढे स्टिरॉइड कमी करत आणलं, दुसरं औषध चालू राहिलं, चेहरा पूर्ववत झाला. उजवं मनगट झालं नाही. त्यातली हाडं एकमेकांना धरून बसलीयत, असं एक्स-रेत दिसतं. लवकर उपचार मिळाले असते तर हे टळलं असतं का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "कदाचित," त्या म्हणाल्या. त्या कदाचितने मी अजून जळते. फळ्यावर लिहिताना मला सगळा हात खांद्यातून हलवावा लागतो.

घरच्या डॉक्टरांकडे मी मुद्दाम जाऊन आले. त्यांना आजाराचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे लाखात एखाद्याला. आमच्यासारख्याला कसं सुचणार?"

"ते नाही सुचलं याचा मला राग नाही," मी म्हटलं. "मी सांगत होते ते ऐकलं नाही, याचा आहे. आणि माहीत नाही असं म्हणायच्या जागी प्रतिकारशक्ती कमी झालीय म्हणालात, त्याचा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाहेर पेशंट आहेत," म्हणाले. मी उठले.

मागच्याच महिन्यात शाळेत एक गृहस्थ आले होते. मुलांना प्रतिकारशक्ती वाढवणारं सिरप मोफत वाटायचा कार्यक्रम. मुख्याध्यापकांनी सूत्रसंचालन माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "सर, मी करणार नाही."

"का? चांगलं काम आहे की."

"कुठली प्रतिकारशक्ती वाढवणार ते त्यांना विचारा. किती वाढवणार, कुणाची, आणि ती मुळात कमी आहे हे कुणी तपासलं, तेही विचारा."

"मॅडम, तुम्ही तुमच्या आजारपणाचं फार मनाला लावून घेतलंय."

"हो," मी म्हटलं. "लावून घेतलंय."

सूत्रसंचालन दुसऱ्या बाईंनी केलं. गृहस्थांना शाल-श्रीफळ मिळालं, बाटल्या वाटल्या गेल्या, टाळ्या माझ्या वर्गापर्यंत ऐकू आल्या. मी तेवढा वेळ रिकाम्या वर्गात बसून सातवीचे निबंध तपासले. रागात तपासल्यामुळे काही मुलांचे मार्क उगाच कापले गेले होते. दुसऱ्या दिवशी मी सगळे निबंध पुन्हा तपासले.